मूल एका गावात, श्रम दुसऱ्या गावात

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगररांगांतील गावे रिकामी होऊ लागतात. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीला परिचित असलेले गाव. ते आणि त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्या याला अपवाद नाहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे कारखान्याच्या हिशेबातला एक 'कोयता', बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवते आणि पुढचे पाच-सहा महिने सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातल्या एखाद्या उसाच्या फडात काढते. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला असे लाखो मजूर बाहेर पडतात. हे दृश्य गेली पन्नास वर्षे महाराष्ट्र पाहत आला आहे आणि सवयीने त्यातले दुःख बोथट झाले आहे.

या बिऱ्हाडात भांडीकुंडी, सरपण आणि शेळीबरोबर आणखी एक जण असतो. तो तीन-चार वर्षांचा असतो. त्याचा थोरला भाऊ शाळेत जाणारा असेल, तर निदान कागदावर तरी त्याच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे; २०२१ सालापासून संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजनाही आली आहे. परंतु तीन वर्षांचे मूल वसतिगृहात राहू शकत नाही. आजी धडधाकट असेल तर ते तिच्यापाशी राहते. नाही तर आईबरोबर जाते. गावातल्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव तसेच राहते. मूल मात्र पहाटेच्या थंडीत फडाच्या बांधावर, उसाच्या वाढ्यांच्या बिछान्यावर झोपलेले असते आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला फार तर सहा-सात वर्षांची बहीण असते. ती बहीणही मग शाळेला मुकते.

बालशिक्षणाची गुणवत्ता वाढावी, त्यासाठी स्थानिक संस्थांनी एकत्र यावे, निधी उभा करावा, असा आग्रह अलीकडे सर्वत्र धरला जात आहे. आग्रह योग्यच आहे. राज्य शासनाने २०२२ मध्ये अंगणवाड्या 'दत्तक' देण्याचे धोरण आणले आणि कंपन्या, विश्वस्त संस्था व दानशूर व्यक्ती यांना पुढे येण्याचे आवाहन केले. लोकवर्गणीतून अंगणवाड्यांच्या भिंती रंगल्या, खेळणी आली, काही ठिकाणी सौर दिवे लागले. त्यामागच्या सद्भावनेची टर उडवण्याचे कारण नाही. तथापि ज्या अंगणवाडीतली निम्मी मुले नोव्हेंबर ते एप्रिल दोनशे किलोमीटर दूर असतील, तिच्या रंगवलेल्या भिंती नेमक्या कोणासाठी, हा प्रश्न लिंबागणेशसारख्या गावात तरी टाळता येत नाही. स्थानिक भागीदारी म्हणताना 'स्थानिक' या शब्दाचा अर्थच या भागात नव्याने लावावा लागेल.

त्याआधी गुणवत्ता म्हणजे काय, याबद्दलचा घोळ निस्तरला पाहिजे. महाराष्ट्राला हे बाहेरून शिकण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द शासकीय योजनेच्या कितीतरी आधी तिथे रुळला होता. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी खडे, शिंपले, पाने आणि बिया यांच्यातून साधने घडवली. बालाघाटात सीताफळाच्या बिया आणि चिंचोके पोत्याने मिळतात. मोजणे, वर्गवारी करणे, आकार ओळखणे यासाठी त्यांहून अधिक काही लागत नाही. ज्या गोष्टीला पर्याय नाही, ती म्हणजे मुलांशी बोलणारी, त्यांना गोष्ट सांगणारी, त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणारी शिकलेली बाई, आणि तिला त्यासाठी मिळणारा वेळ.

नेमका हाच वेळ अंगणवाडी सेविकेपाशी उरलेला नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. त्यांतली सेविका आहार वाटते, वजने घेते, लसीकरणाला बाया गोळा करते, गरोदर स्त्रियांच्या घरी जाते, मोबाइलवर माहिती भरते आणि यातून उसंत मिळालीच तर मुलांना शिकवते. तिला वेतन नाही, 'मानधन' आहे. ते वाढावे म्हणून तिला डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा ५२ दिवसांचा संप करावा लागला. ती आनुतोषिकास पात्र आहे, हे सांगण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. तामिळनाडूत अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. तिथे काही अंगणवाड्यांना अर्धवेळ काम करणारी एक जादा सेविका देण्यात आली. तेवढ्याने शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांचे भाषा व गणित यांतील गुण लक्षणीय वाढले आणि खुरटलेल्या मुलांचे प्रमाणही घटले. निधी कुठे खर्चावा, याचे याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण. दोन हात वाढवा. भिंती नंतर रंगवता येतील.

बालपणावर केलेला खर्च पुढे अनेक पटींनी परत मिळतो, हे आता अर्थशास्त्रातले सर्वमान्य प्रमेय झाले आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९६२ साली १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर सुरू झालेला बालशाळेचा प्रयोग त्यासाठी नेहमी सांगितला जातो. त्या मुलांचा माग पुढे अनेक दशके ठेवला गेला. प्रमेय खरे असले तरी त्याच्या वापरात एक धोका आहे. मूल म्हणजे परतावा देणारे भांडवल, अशी भाषा एकदा रूढ झाली की परतावा कमी देणारे मूल मागे सोडणेही शास्त्रशुद्ध ठरू लागते. फडावरच्या मुलाचा दावा निराळ्या पायावर उभा आहे. ज्या संपत्तीचा उपभोग समाज घेतो, ती निर्माण करताना त्याच्या आईला त्याला बांधावर ठेवावे लागते. त्याचे देणे आधीच झालेले आहे. प्रश्न फक्त वसुलीचा आहे.

राज्यघटनेनेही या मुलाला नेमक्या वेळी हात सोडून दिला आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील मुले ४५ व्या अनुच्छेदातल्या मार्गदर्शक तत्त्वांत, 'राज्य प्रयत्न करील' या आश्वासनापाशी राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमातही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करण्याची मुभा शासनाला आहे, सक्ती नाही. कामगार कायद्यांचीही तीच गत. १९४८ च्या कारखाने कायद्याने तीसपेक्षा अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यावर पाळणाघराचे बंधन घातले होते. पण ऊस तोडणारी बाई साखर कारखान्याची कामगार कधी मानलीच गेली नाही. ती मुकादमाची माणूस आणि मुकादम कुणाचाच माणूस नाही, अशी ही सोयीची रचना. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर तिच्या श्रमावर चालतो. तिच्या मुलाची नोंद मात्र कारखान्याच्या कोणत्याही वहीत नसते.

आता निधीकडे वळावे. पहिला मार्ग गावाचा स्वतःचा. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत महिला व बालविकास हा विषय पंचायतींकडे सोपवण्याचा आहे आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चावेत असा राज्य शासनाचा दंडक आहे. ही रक्कम अंगणवाडीवर खर्च होते की नाही, हे ग्रामसभेने विचारलेच पाहिजे. पण त्या मार्गाची मर्यादाही ओळखली पाहिजे. दुष्काळी गावाची घरपट्टी ती किती आणि त्यातली वसुली किती? एखाद्या ग्रामपंचायतीने वर्षाला तीन लाख वसूल केले, असे धरले तर तिचे १० टक्के म्हणजे तीस हजार रुपये. याउलट ज्या गावाच्या हद्दीत साखर कारखाना उभा आहे, त्या गावाला कारखान्याचा कर मिळतो, ऊस उत्पादकांच्या हाती पैसा खेळतो, रस्ते होतात. मुलाची मोजणी होते लिंबागणेशच्या पटावर आणि त्याच्या आईच्या श्रमांचे पीक निघते तिकडे. एका गावात मूल, दुसऱ्या गावात श्रम आणि दोहोंचा मेळ घालणारी वही कुठेच नाही.

दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या नफेखोर नव्हे तर नफ्यातल्या ठराविक आकाराच्या सर्वच कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चण्याचे बंधन घातले. पण त्याच कायद्यात कंपनीने आपल्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. ज्या जिल्ह्यात मोठे उद्योगच थोडे, त्याच्या वाट्याला साहजिकच थोडे येते. शिवाय सहकारी साखर कारखाना ही कायद्याच्या अर्थाने कंपनी नाही, त्यामुळे हे बंधन त्याला लागू होत नाही. सहकाराचा जयघोष करणाऱ्यांनी खाजगी कंपनीला जे करावे लागते तेवढे तरी स्वेच्छेने करावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

तिसरा मार्ग सर्वांत न्याय्य आणि सर्वांत भक्कम आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर राज्य शासनाने घालावी, असे ठरले आहे. महाराष्ट्रात हंगामाला साधारण दहा कोटी टन ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचे शंभर कोटी आणि शासनाचे शंभर कोटी. हा हिशेब एका तळावर आणून पाहावा. एक कोयता दिवसाला सुमारे दोन टन ऊस तोडतो. दीडशे दिवसांच्या हंगामात ३०० टन. ज्या तळावर शंभर कोयते उतरले, तिथे ३०,००० टन ऊस तुटला. त्यावरचा उपकर तीन लाख, शासनाची भर धरून सहा लाख. त्याच तळावर पाच महिने तीन बायांना दरमहा १३,००० रुपये देऊन पाळणाघर आणि बालवाडी चालवायची, तर पगाराचा खर्च १ लाख ९५ हजार. सहा लाखांचा हा तिसरा हिस्सा. आहार बालविकास योजनेतून येतोच. म्हणजे तळावरचे मूल सांभाळायला आणि शिकवायला लागणारा पैसा त्या तळावरच्या आयाबापांनी स्वतःच्या कोयत्याने निर्माण केलेला आहे. तो कुणाकडे मागायचा नाही. तो जिथे निर्माण झाला तिथे खर्च करा, एवढेच म्हणायचे आहे.

या मागणीत नवे काही नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी हेच दाखवून दिले होते की, सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेनेही हेच सूत्र मान्य केले होते: शहरातल्या पगारदारांकडून व्यवसायकर घ्यायचा, त्यात शासनाने तेवढीच भर घालायची आणि ग्रामीण श्रमिकाला काम द्यायचे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राने हे देशात प्रथम करून दाखवले. टनामागच्या दहा रुपयांत त्याच विचाराचे बीज आहे. ते विमा, वसतिगृहे आणि कार्यालयीन खर्च यांतच संपून जाऊ नये. त्यातला निश्चित हिस्सा, निदान तिसरा, सहा वर्षांखालील मुलांसाठी राखून ठेवला जावा.

पैसा मिळाल्यावर तो चालवणार कोण? येथे खरी भागीदारी लागते आणि ती दोन गावांची असावी लागते: मूल जिथून निघते ते गाव आणि ते जिथे पोचते तो तळ. राज्याच्या महिला व बालविकास खात्याने स्थलांतरित मुलांचा व मातांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था २०२२ पासून राबवायला घेतली, हे स्वागतार्ह आहे. परंतु पडद्यावरची नोंद मुलाला गोष्ट सांगत नाही. तळावर पोचल्यावर त्याला आपली बोली बोलणारी, आपल्या गावची ओळखीची बाई दिसली पाहिजे. लिंबागणेशच्या परिसरात बारावी झालेल्या आणि तरीही कोयता उचलाव्या लागणाऱ्या तरुण सुना अनेक आहेत. त्यांना उन्हाळ्यात प्रशिक्षण देऊन टोळीबरोबर बालसेविका म्हणून पाठवता येईल. मुकादम जसा टोळीबरोबर जातो, तशी सेविकाही टोळीबरोबर जावी. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली आणि पुढे मुंबईतही ते काम उभे राहिले. इमारत पुरी झाली की पाळणाघर पुढच्या इमारतीपाशी जाई. जे विटा वाहणाऱ्या बाईसाठी जमले, ते मोळी वाहणाऱ्या बाईसाठी का जमू नये?

मागे गावात आजीपाशी राहिलेल्या मुलांचाही विचार याच योजनेत व्हावा. आजीलाही रोजंदारीला जावे लागते. हंगामाच्या काळात तरी गावची अंगणवाडी दिवसभर उघडी हवी आणि त्यासाठी दुसरी सेविका हवी. ग्रामपंचायतीचे तीस हजार इथे उपयोगी पडतील.

यावर एक आक्षेप पक्षाच्या वर्तुळातूनच येईल आणि तो गंभीर आहे. लोकांनी आणि ग्रामपंचायतींनी निधी उभा करायला घेतला, की सरकार अंग काढून घेईल. मग हक्काचे रूपांतर दानात होईल. भीती खोटी नाही. परंतु इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहराचा अनुभव वेगळे सांगतो. १९४५ च्या वसंतात फॅसिस्ट राजवट संपताच तिथल्या एका खेड्यातल्या श्रमिकांनी जर्मन सैन्याने टाकून दिलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि पडक्या घरांच्या विटा वेचून मुलांसाठी शाळा बांधली. स्त्रियांच्या संघटनेने अशा अनेक शाळा चालवल्या. मात्र त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. या शाळा नगरपालिकेने आपल्या खर्चाने चालवाव्यात म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे भांडण मांडले आणि १९६३ मध्ये नगरपालिकेची पहिली बालशाळा उघडली. आज जगभरचे शिक्षक तिथे शिकायला जातात. लोकांचा पुढाकार सरकारला सूट देण्यासाठी वापरला जातो की सरकारला बांधून घेण्यासाठी, हे संघटनेच्या ताकदीवर ठरते. दात्याने अंगणवाडी दत्तक घेतली तर त्याच्या नावाची पाटी लागते आणि त्याची मर्जी फिरली की मदत थांबते. उपकरातून चालणारे पाळणाघर हे कायद्याचे देणे असते. त्याचा हिशेब मागता येतो.

म्हणून कार्यकर्त्यांपुढचे काम स्पष्ट आहे. ऊसतोडणीच्या दराची बोलणी दर काही वर्षांनी होतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ पदरात पडली. या बोलण्यांत टनाचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांचीच चर्चा मुख्यतः होते. पुढच्या करारात तळावरच्या पाळणाघराचे कलम आले पाहिजे आणि ते नसेल तर कामगार संघटनांनी सही करू नये. महामंडळाच्या निधीतला मुलांचा हिस्सा किती, याचा जाब विधिमंडळात आणि रस्त्यावर विचारला गेला पाहिजे. अंगणवाडी सेविकांच्या आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना आजवर आपापल्या वाटेने लढल्या. या एका मागणीवर त्या एकत्र येऊ शकतात, कारण एकीचे काम आणि दुसरीचे मूल एकच आहे.

आणि आरंभ गावातूनच व्हायचा आहे. २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. टोळ्या निघायला तेव्हा थोडेच दिवस उरलेले असतात. त्या सभेत ठरावांच्या आधी एक यादी वाचली जावी: यंदा गावातून सहा वर्षांखालील किती मुले जाणार, कोणत्या कारखान्याच्या तळावर, कोणत्या टोळीबरोबर. त्या यादीची एक प्रत कारखान्याला, एक तिकडच्या ग्रामपंचायतीला, एक महामंडळाला आणि एक जिल्हा परिषदेला जावी. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की तीच यादी पुन्हा वाचावी आणि प्रत्येक नावापुढे विचारावे, या मुलाला या सहा महिन्यांत कोणी शिकवले. लिंबागणेशने हे एकदा केले, तर पुढच्या वर्षी शेजारची गावे करतील. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याचा हिशेब पैशापर्यंत लिहिलेला असतो. गावाच्या वहीत प्रत्येक मुलाचा हिशेब तितक्याच चोखपणे लिहिला जाऊ लागेल, तेव्हा गुणवत्तेच्या चर्चेला अर्थ येईल.